पॅरिश कौन्सिलकडे गाड्यांच्या वेगाची तक्रार न्यायचीय? मग जायच्या आधी हे वाचा

इंग्लंडमधल्या गावांत आता आपले बरेच लोक घरं घेऊन राहतायत, आणि दर दोन-तीन महिन्यांनी कुणाचा तरी तोच मेसेज येतो, "अगं आमच्या रस्त्यावर गाड्या सुसाट जातात, मुलं शाळेच्या बसला उभी असतात, मी पॅरिश कौन्सिलमध्ये जाऊन बोलले आणि त्यांनी काहीच केलं नाही." प्रत्येकीला तेच तेच सांगून दमले म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतेय. मी स्वतः तीन वर्षं एका लहान गावाच्या कौन्सिलवर आहे, त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजूंनी बघितलंय. हे फक्त इंग्लंडचं आहे, वेल्स आणि स्कॉटलंडचे नियम वेगळे.

आधी एक गैरसमज. पॅरिश म्हटलं की चर्च आठवतं, पण १८९४ च्या कायद्यापासून ही कौन्सिलं चर्चपासून वेगळी झालीत. आपल्या ग्रामपंचायतीच्या जवळचंच काहीतरी समजा, फक्त अधिकार फार कमी. आणि सगळीकडे ती असतेच असंही नाही. मिल्टन कीन्स अख्खं पॅरिशांमध्ये विभागलेलंय, उलट अख्ख्या लंडनमध्ये अशी एकच आहे, क्वीन्स पार्कला, २०१४ पासूनची. तेव्हा तुमच्याकडे आहे का ते कौन्सिल टॅक्सच्या (इथल्या घरपट्टीच्या) बिलावर बघा, पॅरिशची रक्कम वेगळ्या ओळीत छापलेली असते.

आता मूळ दुखणं. माझ्या ओळखीची एक नाशिकची बाई, मुलगा वळणावरच्या बसस्टॉपवर उभा असतो, तिने घरोघरी फिरून ६० सह्या जमवल्या, गाड्यांचे फोटो प्रिंट काढून लाल फोल्डरमध्ये लावले, आणि मीटिंगच्या दिवशी व्हिलेज हॉलमध्ये त्या डुगडुगणाऱ्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून तीन मिनिटं बोलली. चेअरमन म्हणाला थँक यू, आम्ही नोंद घेतली, आणि पुढचा विषय दफनभूमीचं गवत. ती बाहेर येऊन रडली. मला म्हणाली, मी गोरी असते तर ऐकलं असतं. असंही होतं कधीकधी, मी नाही म्हणणार नाही. पण त्या दिवशी कारण वेगळं होतं. विषय अजेंड्यावर नव्हता, आणि अजेंड्यावर नसलेल्या विषयावर कौन्सिलला कायद्याने निर्णय घेताच येत नाही. "आयत्या वेळचे विषय" म्हणून आपल्याकडे जे चालतं ते इथे चालत नाही. त्या दिवशी सगळे सदस्य तिच्या बाजूने असते तरी ठराव झाला नसता. हे तिला आधी कुणी सांगायला हवं होतं की नको? पण कौन्सिलच्या वेबसाइटवर एवढंच लिहिलेलं असतं की सर्वांचे स्वागत आहे.

तर पहिली गोष्ट, विषय अजेंड्यावर आणायचा. त्यासाठी क्लार्कला ईमेल. चेअरमनला नाही, कौन्सिलरला फेसबुकवर नाही, पबमध्ये भेटलेल्या कुणाला तर नाहीच. क्लार्क हा पगारी माणूस, बऱ्याच गावांत आठवड्याचे थोडेच तास कामाला, अजेंडा त्याच्याच सहीने निघतो. मीटिंगच्या आधी "तीन पूर्ण दिवस" तो लावावा लागतो आणि इथे लोक हमखास चुकतात, कारण अजेंडा लावायचा दिवस धरत नाहीत, मीटिंगचा धरत नाहीत, रविवार आणि बँक हॉलिडे धरत नाहीत, शनिवार मात्र धरतात. म्हणजे मीटिंग मंगळवारी असेल तर सोमवार एक, शनिवार दोन, शुक्रवार तीन, अजेंडा उशिरात उशिरा गुरुवारी लागला पाहिजे. तुम्ही शुक्रवारी रात्री ईमेल टाकलात की गेला महिना हातचा. आणि ही झाली क्लार्कची कायदेशीर मुदत, तुमची नव्हे. तुम्ही निदान दोन आठवडे आधी पाठवा. बऱ्याच ठिकाणी ऑगस्टमध्ये मीटिंगच नसते, जुलै चुकला तर थेट सप्टेंबर.

ईमेलमध्ये काय लिहायचं? "गाड्या फार जोरात जातात, कृपया काहीतरी करा" हे लिहू नका. "काहीतरी" वर मतदान होत नाही. असं लिहा की अमुक रस्त्यावर अमुक वळणाजवळ कौंटीकडून (म्हणजे पॅरिशच्या वरच्या कौन्सिलकडून) स्पीड सर्व्हे करून घ्यावा आणि त्याच्या खर्चाला मंजुरी द्यावी, हा ठराव अजेंड्यावर घ्यावा. एका ईमेलात एकच मागणी. दिवे, खड्डे, कुत्र्यांची घाण हे सगळं एकत्र आलं की क्लार्क ते पत्रव्यवहाराच्या यादीत ढकलतो आणि विषय तिथेच संपतो. यासाठी तुम्ही नागरिक असायची, मतदार असायची गरज नाही. विनंती कुणीही करू शकतं, मीटिंगला कुणीही बसू शकतं, रेकॉर्डिंगही करू शकतं. बोलायचा मात्र हक्क नाही, ती त्यांची पद्धत असते, बहुतेक ठिकाणी माणशी तीन मिनिटं.

दुसरं म्हणजे रस्ता पॅरिश कौन्सिलचा नाहीच. रस्ता, खड्डे, वेगमर्यादा हे कौंटीचं किंवा (जिथे वर एकच कौन्सिल असते तिथे) युनिटरी कौन्सिलचं काम, गाडीवाल्याला पकडणं पोलिसांचं. पॅरिशच्या हातात एवढंच की ती सर्व्हेला आणि तुमचा वेग दाखवणाऱ्या त्या लुकलुकणाऱ्या बोर्डाला पैसे देऊ शकते, १९९७ च्या कायद्याने वेग कमी करायच्या कामांना आणि गुन्हे रोखायच्या साधनांना हातभार लावू शकते, रस्त्यावर दिवे लावू शकते, आणि वर पत्र लिहू शकते. गावाच्या नावाने गेलेल्या पत्राला तुमच्या एकट्याच्या ईमेलपेक्षा वजन असतं, त्यासाठीच तर हा खटाटोप.

आता तो कागद, जो कुणाकडेच नसतो. कौंटी विचारते, इथे अपघात किती झाले? तुम्ही म्हणता चार. त्यांच्या रेकॉर्डला शून्य. कारण सरकारी आकडेवारीत फक्त पोलिसांकडे नोंद झालेले आणि माणसाला इजा झालेले अपघात धरतात. तुमची बागेची भिंत पडली, कुणाचा आरसा तुटला, मांजर गेली, मूल थोडक्यात वाचलं, यातलं काहीच त्यात नाही. ऐकायला संतापजनक आहे, मला पण आहे, पण भांडून तो आकडा बदलत नाही. म्हणून आजपासून एक वही करा. तारीख, वेळ, काय झालं, आणि प्रत्येक वेळी पोलिसांच्या १०१ या तातडीच्या नसलेल्या नंबरला फोन करून किंवा ऑनलाइन कळवून मिळालेला रेफरन्स नंबर. हा नंबर म्हणजे तुमचा पुरावा. ६० सह्यांपेक्षा बारा नंबर भारी पडतात, हे मी मीटिंगमध्ये बघितलंय. जीवावर बेतलेलं असेल तर अर्थातच ९९९. डॅशकॅमचा व्हिडिओ असेल तर बरेच पोलीस विभाग ऑपरेशन स्नॅपमध्ये घेतात, पण तो लगेच टाका, गाडीमालकाला साधारणपणे १४ दिवसांत नोटीस जावी लागते, महिन्याभराने पाठवलेला व्हिडिओ कितीही भयानक असला तरी वाया.

आणि कृपा करून ३० च्या (ताशी ३० मैल वेगमर्यादेच्या) जास्तीच्या बोर्डांची मागणी करू नका. दर मीटिंगला कुणीतरी करतं. रस्त्यावर दिव्याचे खांब २०० यार्ड म्हणजे साधारण १८३ मीटरच्या आत असतील तर तिथे आपोआप ३० ची मर्यादा असते, आणि अशा रस्त्यावर मधेमधे ३० चे बोर्ड लावायला नियमानेच बंदी आहे. खांब हाच बोर्ड! विचित्र आहे, पण आहे. त्यापेक्षा कम्युनिटी स्पीडवॉच मागा, गावातले स्वयंसेवक पोलिसांकडून ट्रेनिंग घेऊन, पोलिसांनी मंजूर केलेल्या जागेवर पिवळी जॅकेट घालून उभे राहतात. दंड होत नाही, घरी पत्र जातं. लोक याला हसतात, पण त्याने वहीत भर पडते.

पैशाची मुदत तर सगळ्यांनाच चुकते. पॅरिश आपला खर्च तुमच्या कौन्सिल टॅक्समधून घेते, त्याला प्रीसेप्ट म्हणतात, आणि पुढच्या एप्रिलपासूनच्या वर्षाचा तो आकडा बहुतेक ठिकाणी जानेवारीत पक्का होतो. वेगाच्या बोर्डाचे पैसे मार्चमध्ये मागितले तर सगळे गोड बोलतात आणि वर्ष जातं. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मागा.

क्लार्क विषय घेतच नसेल तर? एक रस्ता फार कमी लोकांना माहितीये. पॅरिशमधले कुठलेही सहा मतदार मिळून पॅरिश मीटिंग बोलावू शकतात, ही कौन्सिलची मीटिंग नाही, आपल्या ग्रामसभेसारखी गावाची. साधारणपणे सात पूर्ण दिवसांची नोटीस लागते, संध्याकाळी सहाच्या आधी सुरू करता येत नाही. तिथला ठराव कौन्सिलवर बंधनकारक नाही, पण हॉल भरला की चेअरमनचा सूर बदलतो. सहाही जण त्याच पॅरिशच्या मतदार यादीत हवेत, शेजारच्या टाउनमधली मैत्रीण चालत नाही.

इथेच आपले लोक म्हणतात, पण माझ्याकडे ब्रिटिश पासपोर्ट कुठेय. अहो, लागत नाही! भारत कॉमनवेल्थमध्ये आहे, त्यामुळे १८ पूर्ण झालेला आणि इथे राहायचा कायदेशीर व्हिसा असलेला भारतीय माणूस मतदार होऊ शकतो, वर्क व्हिसावाला, डिपेंडंट, स्टुडंटसुद्धा, आणि फक्त पॅरिशला नाही तर संसदेच्या निवडणुकीतही. नोंदणी ऑनलाइन पाच मिनिटांची, नॅशनल इन्शुरन्स नंबर जवळ ठेवा, नागरिकत्वाच्या रकान्यात सरळ इंडियन लिहा. बूथवर फोटो आयडी लागतो, भारतीय पासपोर्ट चालतो. दहा-दहा वर्षं राहून नाव न नोंदवलेले लोक मला भेटलेत, काय बोलायचं.

पण मत देता येतं म्हणून उभं राहता येतं असं नाही, आणि नेमकं इथेच अर्ज आपटतात. कौन्सिलर व्हायला भारतीय नागरिकाकडे आयएलआर, म्हणजे इथे कायम राहायची परवानगी, हवा. स्किल्ड वर्कर व्हिसावर नाही चालत, क्लार्क कितीही आग्रह करू देत (आमच्याकडे एकदा केला होता, बिचाऱ्याला माहीतच नव्हतं). शिवाय चारपैकी एक अट पुरी हवी, त्या पॅरिशच्या मतदार यादीत नाव, किंवा गेले पूर्ण १२ महिने तिथे मालक वा भाडेकरू म्हणून जागा, किंवा १२ महिने मुख्य नोकरी तिथेच, किंवा १२ महिने पॅरिशमध्ये वा तीन मैलांच्या आत राहणं.

मध्येच जागा रिकामी झाली की बोर्डावर जागा रिकामी असल्याची नोटीस लागते आणि त्यात १४ दिवसांची मुदत असते. लोक समजतात ही अर्जाची मुदत. नाही! या १४ कामकाजाच्या दिवसांत दहा मतदारांनी लेखी मागितलं तर निवडणूक होते, नाही मागितलं तर कौन्सिल स्वतः कुणाला तरी घेते, त्याला को-ऑप्शन म्हणतात, आणि अर्ज तेव्हा मागवतात. मी तशीच आले. म्हणजे "तारीख गेली" म्हणून गप्प बसलात तर तुमचा नंबर खरं तर आत्ता लागत होता.

निवड झाली की २८ दिवसांत हितसंबंधांचा फॉर्म भरायचा, नवऱ्या-बायकोचे हितसंबंध पण त्यात येतात. पुण्याचा फ्लॅट लिहायचा का, हा मला सर्वात जास्त विचारलेला प्रश्न आहे. नाही, जमीन-घर फक्त त्या भागातलं. नोकरी मात्र कुठलीही असो, लिहायची. मुद्दाम लपवलं तर गुन्हा आहे, हलक्यात घेऊ नका.

शेवटचं, खास आपल्यासाठी. सलग सहा महिने एकाही मीटिंगला गेला नाहीत तर पद आपोआप जातं. आई-वडील आजारी म्हणून भारतात गेलेली माणसं यात अडकतात. तिकडून ऑनलाइन बसेन म्हणाल तर कोविडमधली ती सवलत ७ मे २०२१ ला संपली. निघायच्या आधी क्लार्कला कारण लिहून द्या, आणि कौन्सिलने ते ठरावाने मंजूर केलं पाहिजे, तेही सहा महिने पुरे व्हायच्या आत. म्हणजे परत तेच, तो विषय अजेंड्यावर हवा, तेव्हा विमानतळावरून नाही, दोन आठवडे आधी ईमेल करा.