निकटदृष्टिता व लेझर शस्त्रक्रिया

निकटदृष्टिता (ऱ्हस्वदृष्टी, मायोपिया) : जवळचे स्पष्ट व लांबचे अंधुक दिसण्याचा दृष्टिदोष, बोलण्यात ‘मायनस नंबर’. तो बहुधा शाळेच्या वयात उघड होतो. मूल फळ्याऐवजी शेजाऱ्याच्या वहीत पाहून लिहिते, समोरून येणाऱ्या एसटीची पाटी वाचायला डोळे बारीक करते. पापण्यांची फट अरुंद झाली की क्षणभर खरोखरच थोडे स्पष्ट दिसते. अशा मुलाला अभ्यासात लक्ष नाही म्हणून रागावण्याआधी त्याचे डोळे तपासावेत.

प्रौढ डोळ्याची पुढून मागे लांबी सु. २४ मिमी. असते. डोळा त्याहून लांब वाढला की दूरच्या वस्तूची प्रतिमा दृष्टिपटलाच्या (डोळ्यातील मागच्या पडद्याच्या) अलीकडेच तयार होते. १ मिमी. जादा लांबीमागे नंबर सु. २.५ ते ३ डायॉप्टरने (नंबर मोजण्याच्या एककाने) वाढतो. आईवडिलांकडून आलेला कल, तासन्‌तास जवळचे काम आणि उघड्यावर कमी वावर ही त्याची प्रमुख कारणे. रोज दोनेक तास दिवसाउजेडी बाहेर खेळणाऱ्या मुलांत हा दोष उद्भवण्याचे प्रमाण कमी आढळते. गाजर खाऊन किंवा डोळ्यांचे व्यायाम करून लांबलेला डोळा आखूड होत नाही. चष्मा लावल्याने नंबर वाढतो, ही समजूतही चुकीची आहे. तिच्यापायी कित्येक मुले वर्षानुवर्षे अंधुक जगात वावरतात. नंबर वाढण्याचा वेग कमी करण्यासाठी मुलांना ॲट्रोपिनचे अगदी सौम्य थेंब किंवा खास बनावटीची भिंगे देतात.

अंतर्वक्र भिंगाचा चष्मा हा आजही सर्वांत निर्धोक उपाय आहे. लेझरचा विचार त्यानंतरचा. डोळ्याच्या एकूण प्रकाश वळवण्याच्या शक्तीपैकी सु. दोन-तृतीयांश शक्ती पारपटलाची, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याची असते. तो मध्यभागी किंचित चपटा केला की प्रतिमा मागे सरकून दृष्टिपटलावर पडते. मद्रासमध्ये जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ रंगस्वामी श्रीनिवासन आणि त्यांचे आयबीएममधील सहकारी यांनी १९८१ मध्ये थँक्सगिव्हिंग या अमेरिकी सणाच्या जेवणातून उरलेल्या टर्कीच्या मांसावर १९३ नॅनोमीटरचा एक्सायमर लेझर चालवून पाहिला. आजूबाजूचा भाग न भाजता नेमका थर निघून गेला. त्यानंतर न्यूयॉर्कचे नेत्रतज्ज्ञ स्टीफन ट्रोकेल यांनी हे तंत्र डोळ्याकडे वळवले.

लेझर शस्त्रक्रियेच्या पीआरके या प्रकारात पारपटलाचा वरचा नाजूक थर काढून लेझर देतात. पहिले काही दिवस डोळा दुखतो. लॅसिकमध्ये पातळ पापुद्रा उचलून खालचा भाग घडवतात व पापुद्रा परत बसवतात. स्माइलमध्ये आतच कापलेली इवलीशी चकती छोट्या छेदातून ओढून काढतात.

लॅसिकच्या वेळी माणूस शुद्धीवर असतो. बधिर करणारे थेंब, पापण्या उघड्या ठेवणारा चिमटा, मग डोळ्यावर कडी दाबली की काही सेकंद नजरेसमोर अंधार येतो. त्यानंतर लुकलुकणाऱ्या दिव्याकडे पाहत राहायचे. लेझर चालू असताना केस जळल्यासारखा वास येतो. प्रत्यक्षात काही जळत नसते.

शस्त्रक्रिया करता येईल की नाही, हे पारपटलाच्या जाडीवर बरेचसे ठरते. १ डायॉप्टरसाठी साधारण १२ ते १५ मायक्रॉन (मिमी.चा हजारावा भाग म्हणजे १ मायक्रॉन) थर खर्ची पडतो. ५४० मायक्रॉन जाडीच्या पारपटलातून लॅसिकचा ११० मायक्रॉनचा पापुद्रा आणि उणे ९ नंबरचे सु. १२५ मायक्रॉन वजा केले तर ३०५ उरतात. जाडी मुळात ४८० असेल तर उरतात २४५, आणि खाली किमान २५० मायक्रॉन राखायचे असा संकेत आहे. म्हणून सारख्याच नंबरच्या दोन भावंडांपैकी एकाला होकार व दुसऱ्याला नकार मिळू शकतो. अशा वेळी डोळ्यात बसवायच्या आयसीएल भिंगाचा पर्याय असतो. पारपटल शंकूसारखे पुढे येण्याचा विकार (केराटोकोनस) असल्यास लॅसिक करत नाहीत; तो ओळखण्यासाठी पारपटलाचा नकाशा काढतात. वय १८ पूर्ण, नंबर किमान वर्षभर स्थिर, गर्भारपण किंवा स्तनपान चालू नाही, या अटीही आहेत. लग्न ठरायच्या आत मुलीचा चष्मा घालवायचा असा घरच्यांचा आग्रह असतो, पण नंबर मुहूर्त पाहून स्थिर होत नाही. घाई करू नये.

नंतर काही महिने डोळे कोरडे पडणे, रात्री दिव्यांभोवती वलये दिसणे या तक्रारी सामान्य आहेत. क्वचित त्या टिकतात. चाळिशी लेझरने टळत नाही. उणे २ नंबरवाला पन्नाशीत चष्मा काढून सुईत दोरा ओवू शकतो. लेझर करून घेतल्यावर त्याच कामाला त्याला चष्मा शोधावा लागतो.

लेझरने नंबर जातो, लांबलेला डोळा तसाच राहतो. दृष्टिपटल ताणलेलेच असल्याने ते सुटण्याचा धोका कायम असतो, विशेषतः उणे ६ च्या पुढे. डोळ्यासमोर अचानक विजा चमकल्या, काळे ठिपके वाढले किंवा पडदा आल्यासारखे वाटले तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा. शस्त्रक्रियेपूर्वीचा नंबर व पारपटलाची मापे यांचा कागदही जपून ठेवावा. पुढे मोतीबिंदू काढताना कृत्रिम भिंगाची शक्ती ठरवायला तो उपयोगी पडतो, कारण घडवलेल्या पारपटलावर नेहमीचे सूत्र चुकते.