लॉगिनचं पान म्हणजे वाय-फायचं कुलूप नव्हे

वाय-फायला जोडल्यावर एक पान उघडतं, मोबाइल नंबर आणि ओटीपी मागतं. म्हणजे नेटवर्क सुरक्षित, असा समज वर्षानुवर्षं पसरलेला आहे. तो चुकीचा आहे. ॲक्सेस पॉइंट (वाय-फाय पुरवणारं उपकरण) बसवणारेही तो धरून चालतात, याचं मला जास्त वाईट वाटतं.

या लॉगिनच्या पानाचं, म्हणजे कॅप्टिव्ह पोर्टलचं, काम बहुधा गेटवेवर (नेटवर्कला इंटरनेटशी जोडणाऱ्या उपकरणावर) चालतं. तुमचं उपकरण आधीच ॲक्सेस पॉइंटला जोडलेलं असतं, त्याला आयपी पत्ताही मिळालेला असतो. मग त्याची साधी एचटीटीपी (वेब पानाची, संरक्षण नसलेली) विनंती अडवून लॉगिनच्या पानाकडे वळवली जाते. ओटीपी जुळला की गेटवे सहसा त्या उपकरणाचा मॅक पत्ता (उपकरणाचा ओळख क्रमांक) परवानगीच्या यादीत टाकतो. बस्स, एवढंच. हा पत्ता हवेत उघडाच फिरतो आणि त्याची नक्कल करता येते. तुमच्या नावावर दुसराच कोणी इंटरनेट वापरू शकतो.

उपकरण ते ॲक्सेस पॉइंट हा हवेतला टप्पा कूटबद्ध करणं, म्हणजे तिसऱ्याला वाचता येणार नाही असा करणं, हे डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ या वाय-फाय सुरक्षा पद्धतींचं काम. सगळ्यांना पासवर्ड वाटायचा नसेल, तर ओडब्ल्यूई (ऑपॉर्च्युनिस्टिक वायरलेस एन्क्रिप्शन) आहे: २०१७च्या आरएफसी ८११० या तांत्रिक दस्तऐवजातली ही पद्धत पासवर्डाशिवाय प्रत्येक जोडणी वेगळी कूटबद्ध करते, आणि तिच्यावर पोर्टल खुशाल चालतं. मात्र समोरचा ॲक्सेस पॉइंट खरा की तोतया, हे तीही ओळखत नाही.

अटी मान्य करून घ्यायला, वेळेची मर्यादा घालायला पोर्टल जरूर ठेवा. पण ते पान एचटीटीपीएसवरच (एचटीटीपीच्या कूटबद्ध रूपावरच) द्या, आणि क्लायंट आयसोलेशन चालू करा. नाहीतर एका पाहुण्याचं उपकरण दुसऱ्याच्या उपकरणापर्यंत सहज पोहोचतं.