पीएलए की पीएचबी: साखळी जुळते कुठे?

साखरेपासून केलेलं ‘बायोप्लास्टिक’ म्हटलं की पीएलए (पॉलिलॅक्टिक आम्ल) आणि पीएचबी (पॉलिहायड्रॉक्सिब्युटिरेट) सर्रास एकाच दावणीला बांधले जातात. प्लास्टिक म्हणजे लहान रेणू जोडून केलेली लांब साखळी; ती जुळते कुठे, यातच दोघांचा फरक. जिवाणू दोन्हीकडे राबतात, पण पीएलएचा जिवाणू प्लास्टिक बनवतच नाही. दही लावणाऱ्यांच्या गोतावळ्यातला तो. साखरेचं लॅक्टिक आम्ल केलं की सुटला. आम्लापासून लॅक्टाइड (आम्लाच्या दोन रेणूंचं कडं) आणि लॅक्टाइडची साखळी पुढे रिअॅक्टरमध्ये, कथिलयुक्त उत्प्रेरकावर होते. प्राज इंडस्ट्रीजने २०२४ साली जेजुरीत सुरू केलेला प्रात्यक्षिक प्रकल्प याच वाटेचा.

इथली डोकेदुखी आम्लाचीच. ते साचलं की जिवाणू थंडावतो, म्हणून चुना घालून पीएच साडेपाच-सहाच्या आसपास ठेवतात. नंतर सल्फ्युरिक आम्लाने लॅक्टिक आम्ल मोकळं करताना टनामागे जवळपास टनभर जिप्सम पडतं. टाकीत परका जिवाणू शिरून ‘डी’ रूपाचं, म्हणजे नेहमीच्या ‘एल’ रूपाची आरशातली प्रतिमा असलेलं आम्ल मिसळलं, तर साखळीला स्फटिक धरत नाहीत.

पीएचबीची साखळी मात्र पेशीच्या पोटातच विणली जाते. जिवाणूची चरबीच म्हणा ना. १९२६ साली मॉरिस लमॉइन यांनी ती बॅसिलस मेगाटेरियममध्ये दाखवली. उत्पादनात क्युप्रियाव्हिडस नेकेटर हा जिवाणू नेहमीचा. त्याची मूळ जात फ्रुक्टोज खाते, ग्लुकोज नाही. त्यामुळे उसाची साखर आधी ग्लुकोज-फ्रुक्टोजमध्ये फोडावी लागते आणि ग्लुकोज पचवणारं वाणही लागतं. आधी नायट्रोजन देऊन पेशी वाढवायच्या, मग तो संपू द्यायचा आणि साखर चालू ठेवायची. वाढ अडते, साठा फुगतो, सुक्या वजनाच्या ८० टक्क्यांपर्यंत. नायट्रोजन लवकर तोडला तर पेशीच थोड्या. उशिरा तोडला तर पेशी रग्गड, पण पोट रिकामं. काढणी लांबली आणि साखर संपली, की गडी आपलाच साठा खायला लागतो.

खरा खर्च पुढे. पेशी फोडून माल काढायचा: क्लोरोफॉर्मने शुद्ध निघतो, पण ते विषारी, हायपोक्लोराइट (ब्लीचमधलं रसायन) स्वस्त, पण साखळी तोडतं. किलोभर पीएचबीला साखर साधारण तीन किलो, पीएलएला दीडच्या आसपास. भावातला फरक इथूनच सुरू होतो.

पीएलए ६० अंशांच्या सुमारास मऊ पडतं, आणि कुजायलाही साधारण तेवढीच ऊब मागतं. परसातल्या खड्ड्यात ते वर्षानुवर्षं तसंच राहू शकतं. पीएचबी खाणारी विकरं माती-समुद्रातल्या जिवाणूंकडे आधीपासूनच असतात. पण ते ठिसूळ, शिवाय १७५-१८० अंशांना वितळतं आणि थोडं वर जाताच विघटू लागतं. म्हणून जिवाणूला साखरेबरोबर प्रोपिऑनिक आम्ल चारतात. साखळीत व्हॅलरेट हा दुसरा दुवा शिरतो, वितळणबिंदू उतरतो आणि माल जरा लवचीक होतो.