लूनी ट्यून्स आणि मेरी मेलडीज: एकाच घरातल्या दोन मालिका

बग्ज बनी, डॅफी डक, पोर्की पिग म्हटलं की आपल्या तोंडी 'लूनी ट्यून्स' हेच नाव येतं. पण वॉर्नर ब्रदर्सच्या त्या जुन्या सहा-सात मिनिटांच्या कार्टूनपटांची सुरुवातीची पाटी नीट वाचली, तर कितीतरी फिल्मवर 'मेरी मेलडीज' लिहिलेलं दिसतं. स्टुडिओ तोच, दिग्दर्शक तेच, १९३६ पासून संगीताला कार्ल स्टॉलिंगही तोच. मग दोन नावं कशासाठी?

याचं मूळ गाण्यांच्या धंद्यात आहे. बोलपटांचा जमाना येताच वॉर्नरने संगीत प्रकाशित करणाऱ्या कंपन्या विकत घेतल्या. हातात गाण्यांचा मोठा साठा आला आणि ती गाणी लोकांच्या कानांवर पडत राहायला हवी होती. निर्माता लिऑन श्लेसिंगरने १९३० मध्ये ह्यू हार्मन आणि रुडॉल्फ आयझिंग यांच्याकडून लूनी ट्यून्स सुरू करून घेतली. तिचा नायक होता बॉस्को. पुढच्याच वर्षी मेरी मेलडीज आली. दोन्ही नावांवर डिस्नेच्या 'सिली सिम्फनीज' या कार्टून मालिकेच्या नावाची छाप उघड आहे.

वाटणी अशी होती: लूनी ट्यून्समध्ये ठरलेलं पात्र पुन्हा पुन्हा यायचं, तर मेरी मेलडीजमध्ये वॉर्नरच्या मालकीचं एखादं गाणं असलंच पाहिजे. पात्र दर वेळी नवं असलं तरी चालायचं. 'आय लव्ह टू सिंगा' (१९३६) पाहा. घुबडांच्या घरात वडील शास्त्रोक्त संगीताचे कडक शिक्षक, आणि पोराला मात्र जॅझचं वेड. वडील त्याला घराबाहेर काढतात, तो रेडिओवरच्या स्पर्धेत पोचतो. गाणं रंगात आलेलं असताना आईवडील दारात दिसतात. पोरगं बिचकून वडिलांच्या पसंतीचं जुनं गाणं म्हणू लागतं, आणि शेवटी वडीलच त्याला त्याचं गाणं गायला सांगतात. हे शीर्षकगीत वॉर्नरच्याच 'द सिंगिंग किड' या चित्रपटातलं. म्हणजे ही जाहिरातच होती, पण दिग्दर्शक टेक्स एव्हरीने तिची जिवाला लागणारी गोष्ट केली. इतर बऱ्याच मेरी मेलडीजमध्ये मात्र गाणं आलं की कथा जागीच थांबते, आणि ते आजही जाणवतं.

दुसरा फरक रंगाचा. मेरी मेलडीज १९३४ पासून रंगीत होऊ लागल्या. लूनी ट्यून्स कमी खर्चाची, दुय्यम मालिका राहिली आणि १९४३ पर्यंत बहुतांशी कृष्णधवलच होती. १९३३ मध्ये पैशांवरून बिनसलं, तेव्हा हार्मन-आयझिंग बॉस्कोला घेऊन गेले. त्याच्या जागी आलेला बडी फिका पडला. मग पोर्कीवर भिस्त आली. हा पोर्की १९३५ मध्ये मेरी मेलडीजमध्ये जन्मला आणि पुढे लूनी ट्यून्सचा नायक झाला.

मला विचाराल तर खरी धमाल या 'स्वस्त' मालिकेतच झाली. गाण्याची सक्ती नव्हती, त्यामुळे दिग्दर्शक बॉब क्लॅम्पेटने 'पोर्की इन वॅकीलँड' (१९३८) मध्ये तर्काला पार रजा दिली. पोर्की शेवटच्या डोडो पक्ष्याच्या शोधात निघतो. हा डोडो एका क्षणी वॉर्नरच्या बोधचिन्हावर बसून दूरवरून झपकन पुढे येतो, गलोलीने पोर्कीला टोला हाणतो आणि आल्या वाटेने परत जातो. हीच कथा १९४९ मध्ये फ्रिझ फ्रेलेंगने 'डो फॉर द डो-डो' म्हणून रंगीत करून घेतली, आणि ती निघाली मेरी मेलडीज म्हणून.

तोवर दोन्हींतली भिंत पडलीच होती. गाण्याची सक्ती तिसाच्या दशकाअखेर सुटली, १९४० मध्ये 'अ वाइल्ड हेअर'मधून बग्ज बनी मेरी मेलडीजमध्ये अवतरला, आणि १९४३ नंतर रंगाचाही फरक उरला नाही. त्यामुळे पात्रावरून मालिका ओळखायला गेलात तर फसाल. दिग्दर्शक चक जोन्सच्या संगीतिकांवरच्या दोन प्रसिद्ध फिल्मपैकी 'रॅबिट ऑफ सेव्हिल' (१९५०) लूनी ट्यून्स आहे, तर 'व्हॉट्स ऑपेरा, डॉक?' (१९५७) मेरी मेलडीज. बग्ज आणि डॅफी यांच्या शिकारीच्या तीन फिल्मपैकी पहिली 'रॅबिट फायर' लूनी ट्यून्स, पुढच्या दोन मेरी मेलडीज.

ओळखायचंच असेल तर कान द्या. १९३७ पासून लूनी ट्यून्सची सुरुवात 'द मेरी-गो-राउंड ब्रोक डाउन' या उसळत्या चालीने होते, तर मेरी मेलडीजची १९३६ पासून 'मेरिली वी रोल अलाँग'ने. ही खूण त्यानंतर कितीतरी वर्षं टिकली, पण जुन्या फिल्म 'ब्लू रिबन' मालिकेत पुन्हा प्रदर्शित करताना मूळ पाट्या आणि श्रेयनामावली कापून टाकली गेली. तिथे मूळ मालिका कोणती हे निव्वळ पाहून कळत नाही, प्रदर्शनाची जुनी नोंदच शोधावी लागते.