विधी अधिकारी म्हणून रुजू होताना: सनद स्थगिती, कागदपत्रं आणि पुढचं प्रशिक्षण

तालुका कोर्टात सिनियरच्या हाताखाली काही वर्षं काढलेला वकील बँकेत लॉ ऑफिसर म्हणून निवडला जातो, किंवा मुंबई-पुण्यातल्या एखाद्या कंपनीच्या लीगल डिपार्टमेंटमध्ये लागतो. नेमणूकपत्र हातात पडतं, घरी पेढे येतात, आणि सनदेचं, म्हणजे वकिलीच्या परवान्याचं, काय करायचं हा विषय 'बघू नंतर' म्हणून मागे पडतो. तो मागे पडू देऊ नका. रुजू होण्याआधी चार कागद नीट केले तर पुढे कोर्टात परतायची वाट मोकळी राहते. ते राहून गेले तर सनद चालू आणि पगारही चालू, अशी नियमबाह्य स्थिती तयार होते आणि परतताना तिचा जाब द्यावा लागतो.

नियम काय सांगतो

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमावलीतला नियम ४९ या सगळ्याच्या मुळाशी आहे. वकिली चालू असेपर्यंत वकिलाने कोणाही व्यक्तीकडे, सरकारकडे, फर्मकडे किंवा कंपनीकडे पूर्णवेळ पगारी नोकरी करायची नाही. तशी नोकरी धरली तर ज्या बार कौन्सिलच्या पटावर नाव आहे तिला कळवायचं, आणि नोकरी संपेपर्यंत वकिली थांबवायची. महाराष्ट्र आणि गोव्यातल्या वकिलांसाठी ही संस्था म्हणजे बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा.

सरकारी किंवा महामंडळाच्या विधी अधिकाऱ्याला सूट आहे असं अजूनही अनेक जण सांगतात. तशी तरतूद पूर्वी होती, ती २००१ साली वगळली गेली. त्याच वर्षी सतीशकुमार शर्मा प्रकरणात हिमाचल प्रदेश राज्य वीज मंडळाच्या विधी अधिकाऱ्याची नोंदणी टिकणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. न्यायालयाने पदाच्या नावापेक्षा सेवाशर्ती आणि प्रत्यक्ष काम यांना महत्त्व दिलं. सरकारी वकिलांचं वेगळं आहे. त्यांचं कामच कोर्टात उभं राहण्याचं असल्याने ते वकीलच राहतात, हे २०१३ च्या दीपक अग्रवाल निकालाने स्पष्ट केलं.

म्हणून आपलं नेमणूकपत्र शांतपणे वाचा. मासिक वेतन, भविष्य निर्वाह निधी, रजेचे नियम, बदलीची अट, वरिष्ठांचं शिस्तविषयक नियंत्रण हे सगळं त्यात असेल तर तुम्ही नोकरदार आहात, पदाचं नाव 'लीगल कन्सल्टंट' असलं तरी. याउलट कंपनीच्या पॅनेलवर राहून मॅटरगणिक बिल देणारा किंवा रिटेनर (ठरावीक नियमित फी) घेऊन इतर पक्षकारांचीही कामं करणारा वकील या नियमात येत नाही. विधी महाविद्यालयात दिवसाला तीन तासांपर्यंत शिकवायला मुभा आहे. इतर अर्धवेळ काम करायचं असेल तर नियम ५२ प्रमाणे राज्य बार कौन्सिलची संमती आधी घ्यावी लागते.

नुकतेच पास झालेल्यांनी आधी हे करावं

कॅम्पसमधूनच थेट कंपनीत जाणारे विद्यार्थी विचारतात, सनद घ्यायचीच कशाला? माझं मत ठाम आहे: शक्य असेल तर आधी घ्या. नोंदणीच्या अर्जात आपण नोकरीत नसल्याचं लिहून द्यावं लागतं, त्यामुळे एकदा कामावर रुजू झालात की हे दार अवघड होतं. शिवाय आयबीपीएस या बँक भरती संस्थेच्या स्पेशालिस्ट ऑफिसर भरतीत लॉ ऑफिसर पदासाठी नुसती एलएलबी पुरत नाही, बार कौन्सिलकडे वकील म्हणून नोंदणी लागते. वयाची अट २० ते ३०, नियमाप्रमाणे सवलती वेगळ्या. म्हणजे नोकरी मिळवायला सनद हवी आणि नोकरी मिळाल्यावर ती थांबवायची. विचित्र वाटलं तरी क्रम हाच आहे.

नोंदणीचं शुल्क खुल्या प्रवर्गासाठी ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपये, मुद्रांक शुल्क असल्यास वेगळं. याहून जास्त नोंदणी शुल्क बार कौन्सिलांना घेता येणार नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा ३० जुलै २०२४ चा निकाल आहे. नोंदणीनंतर दोन वर्षांत अखिल भारतीय बार परीक्षा पास व्हायची. १०० प्रश्न, चुकीच्या उत्तराला गुण वजा नाहीत, खुल्या आणि इतर मागास प्रवर्गाला ४५ टक्के, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग उमेदवारांना ४० टक्के. टिपा नसलेले बेअर ॲक्ट (कायद्यांचा नुसता मूळ मजकूर) सोबत नेता येतात, आणि परीक्षा मराठीतूनही देता येते. ती पास झाल्यावर मिळणारं सर्टिफिकेट ऑफ प्रॅक्टिस घेऊन मग नोकरीत जाणं सगळ्यात सोयीचं.

स्थगितीची प्रक्रिया

नियमावलीच्या भाग ६, प्रकरण ३ मधला नियम ५ हा या अर्जाचा आधार. स्वेच्छेने वकिली थांबवणाऱ्याने रजिस्टर पोस्टाने राज्य बार कौन्सिलला तसं कळवायचं आणि सोबत मूळ सनद पाठवायची. पण पाकीट बंद करण्याआधीचं काम जास्त महत्त्वाचं आहे, ते म्हणजे हातातली मॅटर्स.

दिवाणी कामात एकदा दाखल केलेलं वकीलपत्र, म्हणजे पक्षकाराने वकिलाला दिलेला लेखी अधिकार, आपोआप संपत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३, नियम ४ प्रमाणे कोर्टाच्या परवानगीने ते लेखी संपवावं लागतं. पक्षकाराला पुरेशी आधी सूचना द्यायची आणि जेवढं काम झालेलं नाही तेवढी फी परत करायची, हाही आचारनियमांचाच भाग आहे. तेव्हा डायरी काढा, चालू मॅटर्सची यादी करा, प्रत्येक पक्षकाराला लेखी कळवून पोच घ्या, फाइल नव्या वकिलाकडे देताना कागदांची यादी करून सही घ्या, आणि कोर्टात पुरसीस (लेखी निवेदन) किंवा अर्ज देऊन वकीलपत्रातून मोकळे व्हा. तुम्ही नोकरीत रमलात आणि इकडे एखाद्या शेतकऱ्याच्या दाव्यात तुमच्या नावावर गैरहजेरी लागून दावा निकाली निघाला, तर त्याचं नुकसान भरून देता येणार नाही.

मग अर्ज. बार कौन्सिलचा विहित नमुना घ्यावा आणि शुल्क त्या दिवशी लागू असेल ते भरावं. अर्जात पूर्ण नाव, नोंदणी क्रमांक, नोंदणीची तारीख, नोकरी देणाऱ्याचं नाव, पद, रुजू होण्याची तारीख आणि कोणत्या तारखेपासून स्थगिती हवी हे लिहायचं. ही तारीख रुजू होण्याच्या दिवसानंतरची नको. सोबत मूळ सनद, नेमणूकपत्राची साक्षांकित प्रत, बार कौन्सिलचं ओळखपत्र, सर्टिफिकेट ऑफ प्रॅक्टिसची प्रत, आधारची प्रत, छायाचित्रं आणि वकिली बंद करत असल्याचं नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र तयार ठेवावं. नावात लग्नानंतर बदल झाला असेल तर राजपत्राची किंवा विवाह प्रमाणपत्राची प्रतही.

मूळ सनद हातातून जाणार असल्याने तिच्या दोन्ही बाजूंची स्वच्छ रंगीत स्कॅन प्रत काढून ठेवा. सप्टेंबर २०२५ मध्ये टपाल खात्याने रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन केलं आहे, म्हणून खिडकीवर स्पीड पोस्टसोबत रजिस्ट्रेशनची आणि पोच मिळण्याची सेवा मागून घ्या. प्रत्यक्ष कार्यालयात जाऊन देणार असाल तर आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय निघू नका. वर्षानुवर्षांनी हाच शिक्का तुमच्या बाजूने बोलणार आहे.

नोकरीत असताना काय करता येतं

स्थगितीनंतर वकीलपत्र दाखल करणं, बँड-गाऊन घालून उभं राहणं किंवा लेटरहेडवर 'ॲडव्होकेट' लिहिणं बंद. हक्क नसताना वकिली केल्यास ॲडव्होकेट्स ॲक्ट, १९६१ च्या कलम ४५ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. करार तपासणं, नोटिशींना उत्तरं तयार करणं, बाहेरच्या वकिलांना माहिती पुरवणं ही कामं अर्थातच चालू राहतात. काही ठिकाणी कायदाच पक्षकाराच्या प्रतिनिधीला उभं राहू देतो. कंपनी कायद्याच्या कलम ४३२ प्रमाणे एनसीएलटी म्हणजे राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणापुढे कंपनीने अधिकृत केलेला अधिकारी बाजू मांडू शकतो, पण तिथे तुम्ही कंपनीचे प्रतिनिधी असता, वकील नव्हे.

याच संदर्भात ३१ ऑक्टोबर २०२५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल प्रत्येक इन-हाउस (कंपनीत पगारावर असलेल्या) वकिलाने मुळातून वाचावा. वकील आणि पक्षकार यांच्यातल्या गोपनीय संवादाला भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ चं जे संरक्षण आहे, ते पगारी इन-हाउस वकिलाला मिळत नाही. तुम्ही कंपनीच्या बाहेरच्या वकिलाशी केलेल्या संवादाला कलम १३४ चा आधार मिळू शकतो, पण तुम्ही आणि तुमचे साहेब यांच्यातल्या ईमेलला मिळत नाही. नाजूक प्रकरणात सल्ला कोणाकडून आणि कोणत्या मार्गाने घ्यायचा हे यावरून ठरतं.

प्रशिक्षणाच्या वाटा

आपल्याकडे इन-हाउस वकिलासाठी सक्तीचं असं वेगळं प्रशिक्षण नाही, ही मोठी उणीव आहे. कोर्टात शिकलेलं इथे अर्धंच पुरतं. चारही कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या, त्याच महिन्यात वैयक्तिक डेटा संरक्षणाचे नियम अधिसूचित झाले. सिनियरकडे असतानाच्या नोट्स यात कामाला येत नाहीत.

कंपनीत असाल तर कंपनी सेक्रेटरीचा अभ्यासक्रम गांभीर्याने घ्या. पदवीला किमान ५० टक्के असतील तर प्रवेश परीक्षा न देता थेट एक्झिक्युटिव्ह स्तरावर नोंदणी होते. पदवीची गुणपत्रिका, जन्मतारखेचा पुरावा, छायाचित्र, ओळखपत्र एवढ्यावर ऑनलाइन अर्ज भरता येतो. चालू सनद असलेल्या वकिलाला नियम ४८ मुळे कंपनीचा सेक्रेटरी होता येत नाही. स्थगिती घेतलेल्याला ती अडचण नाही.

सरकारी खात्यातल्यांसाठी दिल्लीची विधायी मसुदा व संशोधन संस्था मोलाची आहे. केंद्राच्या विधायी विभागाखाली ती १९८९ पासून चालते. कायद्याचा मसुदा कसा लिहायचा याचा तीन महिन्यांचा मूलभूत अभ्यासक्रम तिथे असतो. वैयक्तिक अर्ज करून काम होत नाही, खात्याने नाव पाठवावं लागतं. तेव्हा परिपत्रक येण्याची वाट न बघता आस्थापना शाखेला आधीच लेखी विनंती देऊन ठेवा.

परत कोर्टात येताना

राजीनामा किंवा निवृत्तीनंतर बार कौन्सिलच्या सचिवांकडे पुनरारंभाचा अर्ज करायचा. सोबत कार्यमुक्तीचं पत्र, स्थगितीच्या आदेशाची किंवा पोचेची प्रत, आणि मधल्या काळात ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम २४अ खालची कोणतीही अपात्रता ओढवलेली आहे की नाही हे सांगणारं प्रतिज्ञापत्र. नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा किंवा तशा आरोपावरून सरकारी नोकरीतून बडतर्फी, असं यात येतं. नोंदणी समितीने मान्यता दिली की सनद शेरा मारून परत मिळते. तो शेरा पडेपर्यंत वकीलपत्रावर सही करू नका.

दोन गोष्टींचा हिशोब नोकरी धरण्याआधीच करावा. स्थगितीतली वर्षं वकिलीचा अनुभव म्हणून धरली जात नाहीत. दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर या पदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट सर्वोच्च न्यायालयाच्या २० मे २०२५ च्या निकालाने परत आली आहे, आणि वकिलांमधून थेट जिल्हा न्यायाधीश व्हायला सात वर्षं लागतात. न्यायाधीश व्हायचं मनात असेल तर आधी ती वर्षं भरून घ्या. दुसरं अधिकारक्षेत्राबद्दल: सेवा संपण्याआधीची तीन वर्षं एखाद्या भागात अधिकार चालवलेल्या अधिकाऱ्याला नंतर दोन वर्षं त्या भागात वकिली करता येत नाही, म्हणून परतीच्या वेळी ऑफिस कुठल्या शहरात थाटायचं हे ठरवण्याआधी शेवटच्या नेमणुकीचे आदेश काढून बघा.