कटिंग हॉर्स : कळपातून एकच जनावर वेगळं काढणारा घोडा

स्वार लगामाचा हात घोड्याच्या मानेवर टेकवतो आणि तिथून पुढे त्याला काही सांगत नाही. समोर कळपातून बाहेर काढलेलं खोंड असतं, त्याला परत आत घुसायचं असतं. घोडा मान खाली घालतो, मागच्या पायांवर जवळजवळ बसतो आणि खोंड वळायच्या आत त्याची वाट अडवतो. स्वाराने खोगिराची पुढची खुंटी घट्ट धरून बसायचं, एवढंच.

या कामाचं मूळ स्पॅनिश आहे. अमेरिकेतले मूळचे घोडे हजारो वर्षांपूर्वीच नामशेष झाले होते. कोलंबसाने १४९३च्या दुसऱ्या सफरीत घोडे आणि गुरं नेली. १५१९मध्ये स्पॅनिश सेनानी कोर्तेस १६ घोडे घेऊन मेक्सिकोत उतरला. स्थानिकांना घोड्यावर बसायला मनाई होती, पण गुरं वाढत गेली, ती राखायला माणसं पुरेनात आणि मनाई कागदावरच राहिली. त्यातून घडले वाकेरो. स्पॅनिशमध्ये 'वाका' म्हणजे गाय, म्हणून वाकेरो म्हणजे गुराखी. फास टाकायचा दोर, खुंटीचं खोगीर, घोडा शिकवण्याची रीत हे सगळं काउबॉयने त्यांच्याकडूनच उचललं. तरी त्यांचं नाव फारसं कुणी घेत नाही, याची खंत वाटते.

या कामाच्या घोड्याची जात मात्र पूर्वेकडे, व्हर्जिनियात आकाराला आली. तिथे पाव मैलाच्या शर्यती लागत, म्हणून नाव 'क्वार्टर हॉर्स'. ठेंगणा बांधा, भरदार पुठ्ठे, जागच्या जागी वेग घेण्याची ताकद.

या घोड्याची खरी गरज पडली १८६५मध्ये अमेरिकेतलं यादवी युद्ध संपल्यावर. टेक्सासात लांब शिंगांची लाँगहॉर्न गुरं लाखोंनी मोकाट होती आणि १८६७पासून कॅन्ससमधल्या अ‍ॅबिलीनहून ती रेल्वेने पूर्वेला जाऊ लागली. कुंपणं नव्हती, त्यामुळे अनेक मालकांची जनावरं एकमेकांत मिसळत. वसंतात ती गोळा करायची, अंगावरचा मालकाच्या खुणेचा डाग पाहून निवडायची. वासराला डाग आईचाच, म्हणून गाय-वासरू जोडीनेच बाहेर काढावं लागे, तेही कळप न बिथरवता. बिथरून पळालेल्या गुरांचं वजन उतरतं, म्हणजे थेट पैशांचं नुकसान. काउबॉयच्या वाट्याला बरेच घोडे असत. त्यातला सगळ्यात शहाणा या कामासाठी राखलेला असे.

१८७४मध्ये ग्लिडन नावाच्या शेतकऱ्याच्या काटेरी तारेला पेटंट मिळालं आणि पुढच्या काही वर्षांत मोकळी कुरणं संपली. काम आटलं, पण कसब टिकलं ते स्पर्धांमुळे. १८९८मध्ये टेक्सासातल्या हॅस्केल गावी बक्षीस लावून स्पर्धा झाली. क्वार्टर हॉर्सची संघटना १९४०ची, कटिंगची १९४६ची. आज प्रत्येक घोडा-स्वार जोडीला अडीच मिनिटं मिळतात. खोंड वेगळं झाल्यावर स्वाराने लगाम ओढलेला दिसला, तर गुण कापले जातात.