फडक्यातली मटकी आणि कूतचा वेढा

डिसेंबर उजाडला की आमच्याकडची मटकी रुसते. रात्री पुण्याचा पारा 10 अंशांच्या आसपास घुटमळत असला, की ओट्यावर ठेवलेलं ओलं फडकं सकाळी तसंच गार लागतं आणि दाण्याच्या टोकाला जेमतेम पांढरा ठिपका दिसतो. आई मग ते गाठोडं पातेल्यात घालून फ्रीजच्या मागे सरकवायची. तिथे उबेला मोड पटकन येतात. मटकी हे उन्हातलं, कोरड्या रानातलं पीक. तिला 25 ते 30 अंशांची ऊब लागते.

उन्हाळ्यात एक गंमत करून पाहा. मोड आलेलं गाठोडं सोडण्याआधी त्यात हात घाला. आतली मटकी बाहेरच्या हवेपेक्षा किंचित उष्ण लागते. भिजलेला दाणा श्वास घेत असतो, म्हणजे ऑक्सिजन घेऊन साठवलेलं अन्न जाळत असतो, आणि ती उष्णता बोटांना कळते. म्हणून तर पातळ सुती फडकं हवं. घट्ट झाकणाच्या डब्यात पाण्यासकट कोंबलेली मटकी गुदमरते, चिकट होते आणि आंबूस वास मारते.

कोरडा दाणा म्हणजे कुलूप लावलेलं कोठार. त्यातलं फॉस्फरस फायटिक आम्लाच्या रूपात बांधलेलं असतं, आणि हेच आम्ल आपल्या पोटात लोह आणि जस्त धरून ठेवतं. शाकाहारी माणसाचं बहुतेक लोह डाळी, कडधान्यं, पालेभाज्यांतून येतं, त्यामुळे ही अडवणूक आपल्याला जास्त भोवते. दाणा भिजला की आतली एन्झाइम जागी होतात. फायटेज फायटिक आम्ल फोडायला लागतं. दुसरं एक एन्झाइम रॅफिनोज आणि स्टॅकिओज या साखरा मोडतं. या साखरा पचवायचं साधन माणसाच्या लहान आतड्यात नाही. त्या तशाच मोठ्या आतड्यात जातात, तिथले जिवाणू त्यांवर ताव मारतात आणि पुढचं काय ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांतल्या काही भिजवणाच्या पाण्यातही उतरतात, म्हणून ते पाणी ओतून द्यावं.

पण मोडाची खरी कमाई वेगळीच आहे, आणि तिच्या गोष्टीत पुण्याचं नाव येतं.

पहिल्या महायुद्धात ब्रिटिश-भारतीय सैन्याची सहावी (पुणे) डिव्हिजन मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढत होती. तिच्यात मराठा पलटणीही होत्या. 7 डिसेंबर 1915 ला तुर्कांनी तिला कूत-अल-अमारा या गावात वेढलं. 29 एप्रिल 1916 ला, उपासमारीने टेकीला येऊन, तिने शरणागती पत्करली. या पाच महिन्यांत एक विचित्र गोष्ट दिसली. पांढऱ्या मैद्याचा पाव खाणाऱ्या गोऱ्या शिपायांना बेरीबेरी, म्हणजे ब1 जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा रोग झाला, तर कोंड्यासकट पीठ खाणारे हिंदी शिपाई त्यातून वाचले. मात्र हिंदी शिपायांना स्कर्व्हीने गाठलं. हिरड्या सुजायच्या, रक्त यायचं, जखमा भरेनात. गोऱ्यांना घोड्याच्या ताज्या मांसाने थोडं तारलं. हिंदी शिपायांपैकी बहुतेकांनी ते बरेच दिवस खाल्लं नाही.

एकाच तटबंदीत दोन रोग, ताटानुसार वाटून घेतलेले! स्कर्व्ही क जीवनसत्त्वाच्या अभावाने होते, पण तेव्हा त्या जीवनसत्त्वाला कुणी ओळखतही नव्हतं. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये हॅरिएट चिक आणि मार्गारेट ह्यूम या दोघी सैन्याच्या शिध्याचाच अभ्यास करत होत्या. गिनीपिगला आपल्यासारखंच क जीवनसत्त्व शरीरात बनवता येत नाही. म्हणून प्रयोग त्याच्यावर. कोरड्या कडधान्याने स्कर्व्ही टळली नाही. तेच कडधान्य भिजवून मोड आणून दिलं, तेव्हा टळली. जे दाण्यात जवळपास नव्हतंच, ते मोडाने दोन-तीन दिवसांत स्वतः तयार केलं होतं. भाजी पोचत नसेल तिथे शिपायांना मोडाची कडधान्यं द्या, असं त्यांचं म्हणणं होतं. एका ओल्या फडक्याने कूतमध्ये किती हिरड्या वाचल्या असत्या, हा विचार मटकी उपसताना माझ्या मनातून जात नाही.

आता हे जीवनसत्त्व पातेल्यातही टिकायला हवं. ते पाण्यात विरघळतं आणि उष्णतेने मरतं. म्हणून मोडाची मटकी बेताच्या पाण्यात, झाकण ठेवून, बोटचेपी होईपर्यंतच शिजवावी. कुकरच्या चार शिट्ट्या म्हणजे मेहनतीवर पाणी. आमसूल किंवा टोमॅटो दाणा मऊ झाल्यावरच घालावा, कारण आंबटात कडधान्य लवकर मऊ होत नाही. जड पाण्यातही तेच होतं. त्यातलं कॅल्शियम दाण्याच्या पेशींना एकमेकींशी चिकटवणारं पेक्टिन घट्ट करतं, म्हणून बोअरच्या टँकरवर जगणाऱ्या सोसायट्यांत डाळ शिजत नाही ही तक्रार खरी असते. लिंबू मात्र ताटात, अगदी शेवटी. मिसळीच्या ताटलीतली ती फोड नुसती चवीची नाही, तिच्यामुळे लोह जास्त शोषलं जातं. वर लगेच कटिंग मारलात तर चहातले टॅनिन त्यातलं बरंच हिरावून घेतात. चहा तासाभराने घ्या. (पुण्यात हे कुणी ऐकणार नाही, मीही ऐकत नाही.)

कच्चे मोड खाण्याची फॅशन मला पटत नाही. मोडाला जी ऊब आणि ओल लागते, तीच जिवाणूंनाही लागते. 2011 मध्ये जर्मनीत मेथीच्या मोडांतून ई. कोलायची साथ पसरली आणि 50 हून अधिक माणसं गेली. वाफ द्यावी, थोडं जीवनसत्त्व गेलं तर जाऊ द्यावं.

राहिला तो गणंग. दोन दिवस भिजूनही टणक राहणारा, उसळ खाताना दाढेखाली खडा लागावा तसा लागणारा दाणा. बिनकामाच्या माणसालाही आपण गणंग म्हणतो. प्रत्यक्षात या दाण्याचं टरफल पाणी आत शिरूच देत नाही. सगळे दाणे पहिल्याच पावसाला उगवले आणि पुढे पाऊस दडी मारून बसला, तर सगळेच जातील. काही जमिनीत थांबतात, टरफल झिजल्यावर पुढे कधीतरी उगवतात. शेतकऱ्यांनी पिढ्यानपिढ्या एकसारखं उगवणारं बी राखल्यामुळे आता ते थोडे उरलेत. गेल्या आठवड्यात मी असे नऊ गणंग वेगळे काढले, सुताराच्या पॉलिश पेपरवर हलकेच घासले आणि पुन्हा वाटीत भिजत घातले. तिसऱ्या दिवशी सातांना मोड आले होते.